घरच्या कुत्र्याला सोबत घ्या, निवाऱ्याला हात द्या

राळेगावात आणि तालुक्यातल्या गावांत ज्यांच्या दारात कुत्रं आहे, त्या सर्वांसाठी हे लिहीत आहे. ते वावरात जागलीला नेलं जाणारं गावठी कुत्रं असेल, नाहीतर नागपूरहून हौसेनं आणलेलं लॅब्रॅडॉर. मागणं साधं आहे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळचे दोन तास आपल्या कुत्र्यासह बेवारस जनावरांसाठी द्या. हळहळणारे लोक गल्लोगल्ली आहेत, अडीअडचणीला पैसे देणारेही भेटतात. वेळ देणारी माणसं मात्र कमी पडतात. आणि या कामात तुमचं कुत्रं किती उपयोगी पडू शकतं, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

हे आत्ताच सांगण्याला कारण आहे. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं आणि क्रीडासंकुलं यांच्या आवारातली भटकी कुत्री उचलावीत, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावं, पुन्हा त्याच जागी सोडू नये. आदेश दिल्लीत निघाला, पण शाळा, दवाखाना आणि एसटी स्टँड राळेगावातही आहेच. प्रश्न उरतो तो निवाऱ्याचा. वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथे पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचा करुणाश्रम आहे, नागपुरातही काही संस्था काम करतात. तालुक्याच्या गावांत मात्र निवारा म्हणजे बहुधा एखाद्या प्राणिप्रेमी घरामागचं टिनाचं शेड, नाहीतर गोशाळेतला एखादा कोपरा. तिथं काम करणारी माणसं दोन-चार, आणि जनावरं रोज वाढणारी.

निवारा हा पाण्याच्या टाक्यासारखा असतो. वरून धार चालू राहिली आणि खालची तोटी बंद राहिली, तर टाकं कितीही मोठं बांधा, ते भरून वाहणारच. इथं वरची धार म्हणजे आपणच सोडून दिलेली पिल्लं, आणि खालची तोटी म्हणजे त्यांना मिळणारी घरं. या दोन्ही टोकांवर तुम्ही आणि तुमचं कुत्रं काम करू शकता. बाकीची सारी मदत त्यानंतरची.

ही आपल्याकडची जुनी वाट

बेवारस कुत्र्यांची काळजी हे शहरी लोकांचं नवं खूळ आहे, असं काही जण म्हणतात. तसं नाही. कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा ती कोरडी कशी खाशील म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबासोबत कुत्रं आहे.

संस्थांचा इतिहासही इथलाच आहे. 1832 मध्ये मुंबईत कंपनी सरकारनं भटकी कुत्री मारण्याची मोहीम जोरात चालवली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतरांनी साथ दिली आणि बाजार बंद पडले. त्यातून धडा घेऊन 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्या सोबतच्या व्यापाऱ्यांनी मुंबईची पांजरापोळ उभी केली. आज पांजरापोळ म्हटलं की आपल्याला गाई आठवतात, पण त्या संस्थेच्या जन्माला कुत्र्यांचं निमित्त होतं.

गांधीजी सेवाग्रामला येण्याच्या दहा वर्षं आधी, 1926 मध्ये, अहमदाबादला एका गिरणीमालकानं साठ कुत्री मारवली आणि मोठा वाद पेटला. गांधीजींनी त्यावर लेखमाला लिहिली. त्यातली काही मतं आज अनेकांना पटणार नाहीत, कारण धोकादायक भटकी कुत्री मारणं ते अपरिहार्य मानत होते. पण त्यांनी आणखी एक गोष्ट ठणकावून सांगितली होती. येता-जाता कुत्र्यापुढे तुकडा टाकला म्हणजे दया झाली, असं नाही. दया करायची तर त्या जिवाची जबाबदारी घ्या, त्याला पाळा किंवा त्याच्यासाठी नीट व्यवस्था उभी करा. शंभर वर्षं होत आली, तरी आपण अजून तुकडा टाकण्यापाशीच आहोत.

आधी आपलं कुत्रं

निवाऱ्यात पाय टाकण्याआधी घरच्या कुत्र्याची तीन कामं पुरी करा.

पहिलं, लसीकरण. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांवरची लस सुरू होते. साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. सोबत जंताचं औषध. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, तारखा एका कार्डावर लिहून घ्या आणि ते कार्ड बँकेच्या पासबुकाइतकं जपून ठेवा. कोणताही चांगला निवारा हे कार्ड बघितल्याशिवाय तुमचं कुत्रं आत घेणार नाही, आणि घेऊ नये.

दुसरं, नसबंदी. निवाऱ्याला सगळ्यात मोठी मदत कोणती, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच आहे. मादी सहा महिने ते वर्षभराच्या वयात माजावर येते, गाभण राहिली की दोन महिन्यांत विते, आणि एका वेळी चार-सहा पिल्लं होणं ही नेहमीची गोष्ट आहे. मग काय होतं ते आपण सगळे जाणतो. नर पिल्लं कोणी ना कोणी मागून नेतं. माद्या पोत्यात घालून बाजारात, धाब्याजवळ, नाहीतर हायवेच्या कडेला सोडल्या जातात. ज्या जगतात त्या वर्षभरात स्वतः वितात. केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनीही पाळीव जनावराचं लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची जबाबदारी नगरपंचायतीची. आपण आपली पार पाडली तर तिला तिची विचारता येते.

तिसरं, वळण. कुत्र्याला गळ्यात पट्टा आणि दोरी घालून शांतपणे चालता आलं पाहिजे. दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं दोरीवर चालत नाही, ओढतं. पंधरा दिवस रोज सकाळी अर्धा तास गावाबाहेरच्या पांदणीनं फिरवा, ओढलं की थांबा, सैल सोडलं की चाला. बहुतेक कुत्री शिकतात. जे कुत्रं दुसरं कुत्रं दिसताच अंगावर जातं, माणसांना चावतं किंवा घाबरून थरथरतं, त्याला निवाऱ्यात नेऊ नका. त्यात त्याचा दोष नाही, फक्त हे काम त्याचं नाही. तुम्ही एकटे या.

निवाऱ्यात गेल्यावर

निवाऱ्यात नव्यानं आलेलं कुत्रं तुम्ही कधी नीट पाहिलं आहे का? कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसतं, शेपूट पोटाखाली, कान मागे. माणूस जवळ आला की डोळ्यांचे पांढरे भाग दिसतात. जेवण समोर असलं तरी खात नाही. अशा कुत्र्याला माणसानं कितीही चुचकारलं तरी उपयोग होत नाही, कारण त्याला माणसाचीच भीती वाटते. इथं शांत स्वभावाचं घरचं कुत्रं कामाला येतं.

त्याची पद्धत अशी. दोन माणसं, दोन कुत्री, दोन दोऱ्या. समोरासमोर आणायचं नाही, कारण कुत्र्यांच्या रीतीत ते आव्हान ठरतं. दोघांनाही एकाच दिशेला तोंड करून, मध्ये पंधरा-वीस फुटांचं अंतर ठेवून चालवायचं. पहिली काही मिनिटं भित्रं कुत्रं अडखळतं, मागे बघतं. तुमचं कुत्रं जमीन हुंगतं, एखाद्या खांबापाशी थांबतं, पुढे जातं. थोड्या वेळानं दुसरंही त्याच जागेपाशी नाक नेतं. त्यानं नाक खाली घातलं की समजावं, भीती एक पायरी उतरली. मग अंतर थोडं कमी करायचं, तेही दोरी सैल असली तरच. पहिल्या दिवशी एवढंच पुरे. चार-सहा फेऱ्यांत ते कुत्रं माणसासोबत दोरीवर चालू लागलं, तर त्याला घर मिळण्याची शक्यता कैकपटींनी वाढते. कोपऱ्यात दबकून बसलेलं कुत्रं कोणी घरी नेत नाही.

दुसरं काम पोरक्या पिल्लांना काही आठवडे घरी सांभाळण्याचं. निवाऱ्यात पिल्लं पार्व्होनं पटापट दगावतात. घरी त्यांना ऊब मिळते, माणसांची सवय होते, आणि मोठं कुत्रं त्यांना शिकवतं की खेळताना किती जोरानं चावायचं आणि कुठे थांबायचं. पण पहिले दोन आठवडे पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवा, त्याची भांडी वेगळी, त्याला हाताळल्यावर हात साबणानं धुवा. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो आणि नुसत्या फिनाइलला दाद देत नाही. ब्लीच पाण्यात मिसळून फरशी पुसावी लागते. घरच्या कुत्र्याचं लसीकरण अपुरं असेल तर पिल्लू आणूच नका.

तिसरं काम रक्तदानाचं. होय, कुत्र्याचं रक्त कुत्र्याला देता येतं. आपल्याकडे गोचीड ताप फार. गोचीडांतून शिरलेले जंतू रक्त इतकं कमी करतात की कुत्र्याचा ओठ वर करून पाहिला तर एरवी गुलाबी असणारी हिरडी कागदासारखी पांढरी दिसते. अशा वेळी औषधाला काम करायला अवधी मिळावा म्हणून रक्त चढवावं लागतं. रक्त देणारं कुत्रं साधारण एक ते आठ वर्षांचं, पंचवीस किलोंच्या वर वजनाचं, निरोगी आणि सर्व लसी झालेलं असावं लागतं. आपली गावठी कुत्री सहसा एवढी वजनदार नसतात. म्हणून ज्यांच्याकडे लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशी मोठी कुत्री आहेत, त्यांनी आपल्या पशुवैद्यकाकडे नाव नोंदवून ठेवावं. नागपूरसारख्या शहरात जिथं ही सोय आहे तिथून निरोप आला, तर तुमच्या कुत्र्याच्या अर्ध्या तासानं दुसऱ्याचा जीव वाचेल.

घरं उघडायची तर

आता खालच्या तोटीविषयी. लोक गावठी पिल्लू घरी का नेत नाहीत? कारण त्यांनी गावठी कुत्रं पाहिलेलं असतं ते उकिरड्यावर, खरजेनं अंगावरचे केस गेलेलं, दगड चुकवत पळणारं. नीट खाल्लेलं, लस झालेलं, गळ्यात पट्टा असलेलं, बस म्हटलं की बसणारं गावठी कुत्रं त्यांनी फारसं पाहिलेलंच नसतं. ते त्यांना दाखवा. तुमच्याकडे असं कुत्रं असेल तर आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, त्याला घेऊन कडेला उभे राहा. सोबत निवाऱ्यातल्या पिल्लांचे फोटो ठेवा. लोक थांबतात, विचारतात. तेव्हा खरं ते सांगा: हे इथल्या उन्हातान्हात वाढलेलं जनावर आहे, केस आखूड, आजार कमी, घरचं डाळ-भात, भाकरी, अंडं खातं, आणि राखण करतं. कोणी पिल्लू मागितलं तर मादी घ्यायला सांगा, आणि तिची नसबंदी करून देण्याची हमी तुम्ही घ्या. माद्यांना घर मिळेल तेव्हाच पोत्यातली पिल्लं थांबतील.

शाळाही विसरू नका. आपल्या विदर्भात तान्ह्या पोळ्याच्या दिवसांत मुलांच्या मनात जनावरांविषयी ओलावा असतोच. त्या आठवड्यात मुख्याध्यापकांची परवानगी काढून आपलं सगळ्यात शांत कुत्रं वर्गात न्या. मुलांना शिकवा की अनोळखी कुत्र्याकडे धावत जायचं नाही, ते खात असताना किंवा पिल्लांजवळ असताना हात लावायचा नाही, आणि ते अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेनं सरकारच्या साथीनं कुत्र्यांना लस टोचण्यासोबत शाळाशाळांतून हेच शिकवलं, आणि 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. राळेगावासारख्या गावाला हे अवघड नाही. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. तोपर्यंत आपल्या वॉर्डातली किती कुत्री दवाखान्यापर्यंत नेता येतील ते बघा.

आपल्या तालुक्यात कुत्र्यांचं लसीकरण आणखी एका कारणानं गरजेचं आहे. 2018 मध्ये राळेगावचं नाव देशभर गेलं ते टी-1 वाघिणीमुळे. तिच्या शोधासाठी इथल्या जंगलात बाहेरून कुत्रीसुद्धा आणली होती. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात ती वाघीण मारली गेली. त्याच वर्षी गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, आणि तपासणीत डिस्टेंपरचा विषाणू आढळला. हा कुत्र्यांत सर्रास आढळणारा रोग आहे, आणि वाघालाही होतो. आपली कुत्री गुराख्यांसोबत जंगलात जातात, वाघानं मारलेल्या ढोराला तोंड लावतात. त्यांना टोचलेली लस जंगलाचंही रक्षण करते.

जपून करा

उन्हाळ्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत कुत्र्याला सकाळी आठच्या आत फिरवून आणा. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू ठेवून बघा. पाच सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याचे पाय भाजतील. जीभ लांब बाहेर, लाळ घट्ट, चाल झोकांडणारी दिसली की लगेच सावलीत घ्या, पोटाला आणि पायांना साधं पाणी लावा आणि दवाखाना गाठा.

कोणत्याही कुत्र्यानं चावलं, ओरबाडलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चुना, तिखट, तेल काही लावू नका. सरळ सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्या आणि सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर रोग होत नाही. निवाऱ्यात नेहमी जाणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून आधीच लस घेऊन ठेवावी. आजारी जनावरांच्या कोठ्याजवळ आपलं कुत्रं नेऊ नका. भटकी कुत्री स्वतः पकडायला जाऊ नका, ते शिकलेल्या माणसांचं काम आहे. जखमी जनावर दिसलं तर पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या क्रमांकावर कळवा.

ज्यांच्याकडे कुत्रं नाही, त्यांनाही काम आहे. रिकामं बारदान, जुनी वाकळ, फुटका पण न गळणारा टब, सिमेंटची छोटी नांद, औषधापुरते पैसे, आजारी जनावर वर्ध्याला न्यायला रिकामी परतणारी गाडी, या सगळ्याची निवाऱ्याला गरज असते. देण्याआधी एकदा विचारा, म्हणजे नको ते साठत नाही.

सुरुवात

मोठी संस्था काढायची वाट पाहू नका. ओळखीतली दहा घरं एकत्र करा. एकानं दवाखान्यात जाऊन लसीचा दिवस ठरवावा. एकानं करुणाश्रमासारख्या जवळच्या संस्थेशी बोलून, कुत्र्यासह आलं तर काय चालेल आणि काय नाही, ते लिहून आणावं. दोघांनी नगरपंचायतीत लेखी अर्ज द्यावा: नसबंदीची सोय कधी करणार, निवाऱ्याला जागा कुठे देणार? बाकीच्यांनी रविवार वाटून घ्यावेत. खरिपाच्या घाईत आणि कापूस वेचणीत कोणाला जमणार नाही, ते आधीच धरून चाला. जो आठवडा जमेल तो नेमानं पाळा. निवाऱ्यातल्या जनावरांना उत्साहापेक्षा नेम महत्त्वाचा असतो, कारण ती ठरल्या वेळेची वाट पाहायला शिकतात.

या रविवारी एवढं करा. घरच्या कुत्र्याच्या लसीचं कार्ड शोधा. नसेल तर सोमवारी दवाखान्यात जाऊन करून घ्या. मादी असेल तर नसबंदीची तारीख विचारून या. आणि शेजारच्या दोन घरांना विचारा, तुम्ही येता का? दहा घरं जमली की आपल्या शब्दाला नगरपंचायतीत वजन येईल. त्या दहांत तुमचं घर असू द्या.